रत्नागिरीतील सात मजली इमारतीच्या पश्चिम भिंतीला कोणते आच्छादन लावावे?

आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत, समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर, सात मजल्यांची, 28 सदनिकांची आणि 19 वर्षे वयाची इमारत आहे. दर चार वर्षांनी रंग देऊनही पश्चिमेच्या भिंतीवर शेवाळ धरते, आतल्या खोल्यांत ओल उतरते आणि पोपडे सुटतात. एका ठेकेदाराने चारही बाजूंना ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट एसीपी म्हणतात ते, बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे आणि मग पंचवीस वर्षे भिंतीकडे बघावे लागणार नाही असे सांगितले आहे. एसीपी घ्यावे, की दगड, टाइल किंवा फायबर सिमेंट घ्यावे, असे आपण विचारता.

उत्तर आधी सांगतो. एसीपी घेऊ नये, आणि चारही बाजूंना तर काहीच घेऊ नये. उत्तर आणि पूर्वेच्या भिंतींना चांगला गिलावा आणि चांगला रंग पुरेसा आहे. आच्छादन पश्चिमेच्या भिंतीला आणि दक्षिणेच्या जेवढ्या भागावर पाऊस थेट आदळतो तेवढ्यालाच लावावे, तेही भिंतीपासून सुटे, मागून वारा खेळेल अशा चौकटीवर. पैसे बेताचे असतील तर तीन मिलीमीटर जाडीचा सलग ॲल्युमिनियम पत्रा, आणि हात थोडा सैल सोडता येत असेल तर भाजलेल्या मातीची टेराकोटा पॅनेल, हे माझे दोन पर्याय आहेत. मात्र हे दोन्ही पर्याय दुरुस्तीनंतरचे आहेत, दुरुस्तीऐवजीचे नाहीत.

आपली भिंत ओली का होते, याचा शोध कोणी घेतला आहे असे प्रस्तावातून दिसत नाही. कोकणात नैऋत्येचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाणी पडते आणि त्यातला मोठा वाटा पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत अंगावर घेते. भिंतीला केसाएवढ्या भेगा असल्या, खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा सुटलेला असला, किंवा सांडपाण्याच्या नळाची पकड गिलाव्यात जिथे घुसते तिथे पिंपळाचे रोप मुळे धरून बसलेले असले, की पाणी आत जाते. रंग ते थांबवत नाही. उलट जाड थराचा रंग आत गेलेले पाणी अडकवून ठेवतो आणि पुढच्या उन्हात पोपडा होऊन सुटतो. अशा भिंतीवर आच्छादन चढवले तर ओल दिसेनाशी होते, एवढेच.

म्हणून पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, परांची बांधून पश्चिमेची संपूर्ण भिंत हातोडीने ठोकून घ्यावी. घट्ट गिलावा खणखणीत वाजतो आणि सुटलेला बद्द वाजतो. अनुभवी गवंडी खडूने पोकळ भाग रंगवत खाली उतरतो आणि संध्याकाळपर्यंत भिंतीचा नकाशा तयार होतो. पोकळ गिलावा काढल्यावर खांब आणि तुळया उघड्या पडतील. तिथे काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडावे. गुलाबी झाले तर काँक्रीटचा क्षारपणा शाबूत आहे. रंगच आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो संपवला आहे आणि आतल्या सळईचे संरक्षण गेले आहे. समुद्राकाठी याशिवाय क्लोराइडची चाचणीही करून घ्यावी, कारण खाऱ्या हवेतले मीठ गुलाबी काँक्रीटमध्येही सळई गंजवू शकते. आपल्या इमारतीचे वय 15 ते 30 वर्षांच्या टप्प्यात असल्यामुळे आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावीच लागते. ती आच्छादनाच्या आधी करून घेतली तर एकाच परांचीत दोन कामे होतात. सात मजल्यांवर परांचीचा खर्च लहान नसतो, हे रंगाच्या प्रत्येक फेरीत आपण अनुभवलेच असेल.

दुरुस्ती झाल्यावर पुढचे काम पाण्याची वाट वळवण्याचे. जुन्या मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींकडे पाहावे. 2018 साली ज्यांचा व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्याच या इमारती. खिडक्यांवरून सलग धावणारे त्यांचे छज्जे शोभेचे दिसतात, पण ऊन आणि पाऊस दोन्ही अडवण्याचे काम ते करतात. आपल्याकडे मात्र गेल्या काही वर्षांत इमारत गुळगुळीत दिसावी म्हणून छज्जे आखूड केले गेले, किंवा काढूनच टाकले गेले. आपल्या पश्चिमेच्या खिडक्यांवर किती बाहेर आलेला छज्जा आहे ते मोजावे, आणि त्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडे आत, बोटभर रुंदीची खाच आहे का ते पाहावे. ही खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या तळाला चिकटून सरकत भिंतीपर्यंत येते. खाच असेल तर ते तिथेच तुटते आणि पागोळीसारखे खाली पडते. गच्चीच्या कठड्याचा माथाही असाच तपासावा. त्याचा उतार आतल्या बाजूला, गच्चीकडे हवा. बाहेरच्या बाजूला उतार असला की माथ्यावरची वर्षभराची धूळ पहिल्या पावसात काळे ओघळ होऊन भिंतीवर उतरते, आणि त्या ओघळांवर पुढे शेवाळ धरते. या दोन गोष्टी सुधारल्या तर आपल्या तक्रारीतला मोठा भाग कोणत्याही पॅनेलशिवाय मिटेल, असा माझा अंदाज आहे.

आता एसीपीविषयी. हे पॅनेल म्हणजे साधारण चार मिलीमीटरचे सँडविच असते. दोन बाजूंना अर्धा मिलीमीटर किंवा त्याहूनही पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये गाभा. स्वस्त पॅनेलमध्ये हा गाभा पॉलिएथिलीनचा, म्हणजे पेटणाऱ्या प्लास्टिकचा असतो. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये आग बाहेरच्या अशाच पॅनेलवरून वर चढली आणि 72 माणसे गेली. खनिजभरणाचा, आगीला दाद न देणारा गाभा असलेली पॅनेलही मिळतात, पण ठेकेदाराच्या दरपत्रकात गाभ्याचा उल्लेख नसेल तर ती पॅनेल तशी नाहीत असेच समजावे. दर्शनी भागावर कोणते आच्छादन आहे हे सोसायटीच्या अग्निसुरक्षेच्या कागदांत पुढे कोणीतरी विचारणारच आहे.

तरीही कोकणात एसीपीला नकार देण्याचे माझे पहिले कारण आग नाही. पॅनेलच्या मागची चौकट हे आहे. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका व्यापारी इमारतीचे पॅनेल आम्ही उघडले. बाहेरून काम आठ वर्षांचे वाटत नव्हते. पत्रा चकचकीत होता, सांधे सरळ होते. फक्त खालच्या कडेला तांबूस भुगा साचलेला दिसत होता. पॅनेल सोडवल्यावर मागे साध्या लोखंडाच्या चौकोनी नळ्या होत्या, त्यांना एक हात रेड ऑक्साइड मारलेले. वरची नळी मी अंगठ्याने दाबली आणि ती बिस्किटासारखी चुरली. स्क्रूंची डोकी शाबूत होती, मळसूत्र गेले होते. म्हणजे ती पॅनेल केवळ सांध्यातल्या सिलिकॉनच्या चिकटपणावर टांगलेली होती, आणि खाली रिक्षाथांबा होता. मालकाने तोपर्यंत कसलीच देखभाल केली नव्हती, कारण देखभाल करावी लागणार नाही असेच त्याला सांगितले गेले होते.

खाऱ्या हवेचा एक स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो. पाऊस जिथे थेट आदळतो तिथले मीठ चार महिने धुऊन निघते. जिथे पाऊस पोचत नाही, पण वारा पोचतो, तिथे मीठ वर्षभर साचत जाते आणि दमट हवेत ओले होऊन धातू खाते. छज्ज्याखालचा भाग, पॅनेलच्या मागची पोकळी, गाड्या लावण्याच्या जागेचे छत, या जागा आपण आडोशाच्या म्हणून सुरक्षित समजतो. गंज नेमका तिथे लवकर येतो. म्हणून समुद्राकाठी पॅनेलच्या रंगापेक्षा चौकट आणि खिळा-स्क्रू यांवर अधिक खर्च करावा. चौकट ॲल्युमिनियमची असावी. भिंतीत जाणारे अँकर आणि स्क्रू 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते मिठाला तोंड देते. 304 दर्जाचे स्टीलही स्टेनलेसच म्हणवते, पण समुद्राजवळ त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. ॲल्युमिनियम आणि स्टील जिथे एकमेकांना टेकतात तिथे नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर हवाच, कारण खाऱ्या ओलाव्यात या दोन धातूंची जोडी विद्युतघटासारखी वागते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. हे सारे करारात शब्दाने लिहून घ्यावे. नुसते "एसएस फिटिंग" असे लिहिले तर 304 सुद्धा येणार नाही, हे अनुभवाने सांगतो.

टाइलबद्दल मी फार लिहिणार नाही. जमिनीलगतच्या एका मजल्यापर्यंत टाइल चालते. त्याहून वर, जुन्या गिलाव्यावर, सिमेंटच्या मालात बसवलेली टाइल मला मान्य नाही. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्क्याहून कमी पाणी पिते, म्हणजे साधा सिमेंटचा माल तिच्या पाठीला धरायला जागाच सापडत नाही. त्यासाठी आयएस 15477 या भारतीय मानकाप्रमाणे योग्य प्रकारचा ॲडहेसिव्ह लागतो. तो वापरला तरी टाइल ज्या गिलाव्याला चिकटते तो गिलावाच भिंतीपासून सुटला असेल, तर एक दिवस दोन्ही मिळून खाली येतात.

दगडाचे तसे नाही; दगड टिकतो, प्रश्न वजनाचा असतो. 30 मिलीमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस मीटरला सुमारे 80 किलो भरतो. खिडक्या वजा जाता आपली पश्चिमेची भिंत 250 चौरस मीटर धरली तर ते वजन 20 टन होते, आणि 19 वर्षांपूर्वी आराखडा करणाऱ्या अभियंत्याने ते धरलेले नसणार. तळमजल्याला, जिथे मुलांचा चेंडू आणि गाड्यांचे आरसे लागतात, तिथे काळा दगड किंवा ग्रॅनाइट अवश्य लावावा, पण प्रत्येक लादीला स्टीलची पकड देऊन; केवळ चिकटवून नव्हे.

आपल्यापैकी काहींनी जांभ्याच्या चकत्यांचा आग्रह धरला आहे, तो मला समजतो. रत्नागिरीत जांभ्याइतके आपले दुसरे काहीच नाही. खाणीतून काढताना मऊ असणारा हा दगड उघड्या हवेत टणक होतो, म्हणून तो पावसालाही दाद देत नसेल असा समज आहे. पण त्याच्या छिद्राछिद्रांतून पाणी भरते, आणि जुन्या घरांत तो टिकला तो खोल पडवी आणि खाली उतरलेली कौलारू पाखी यांच्या आधाराने. सात मजल्यांच्या उघड्या भिंतीवर त्याची चकती दोन पावसांत काळी पडते. सिलेन-सिलॉक्झेनचा, म्हणजे पाणी झटकणाऱ्या रसायनाचा, थर दिल्यास काही वर्षे निभते, मग तो थर पुन्हा द्यावा लागतो, म्हणजे पुन्हा परांची आली. प्रवेशद्वाराच्या पोर्चखाली, छताच्या आडोशाला, जांभा जरूर लावावा. तिथे तो शोभेल आणि राहीलही.

लाकूड, लाकडासारखे दिसणारे प्लास्टिकमिश्रित पट्टे आणि खरबरीत टेक्स्चर यांचा विचार आपण सोडून द्यावा. टेक्स्चरच्या प्रत्येक दाण्याच्या माथ्यावर धूळ बसते आणि धुळीवर शेवाळ. हेच टेक्स्चर सोलापूरला किंवा नाशिकला बरेच दिवस नीट राहते, म्हणून माहितीपत्रकातले फोटो कुठे काढले आहेत तेही विचारावे. फायबर सिमेंटचे फलक वाईट नाहीत. ते पेटत नाहीत, वाळवी त्यांना खात नाही. पण साइटवर कापलेल्या कडा सील केल्या नाहीत तर फलक त्या कडांतून पाणी पितो, आणि वरचा रंग ठरावीक वर्षांनी द्यावाच लागतो. आपली मुख्य अडचण रंगाचीच असल्याने मी तो पर्याय मागे ठेवला.

राहिले माझे दोन पर्याय. सलग ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गाभा नसतो, त्यामुळे पेटण्यासारखे काही नसते, आणि तीन मिलीमीटरच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला आठ किलोच भरते. त्यावर पीव्हीडीएफ प्रकारचा कारखान्यात भाजलेला रंग घ्यावा. हमीपत्र घेताना मात्र दोन कलमे वाचावीत: समुद्रापासून किती अंतरापर्यंत हमी लागू आहे, आणि पत्रा वर्षातून किती वेळा धुण्याची अट घातली आहे. अनेक हमीपत्रे किनाऱ्याजवळ लागूच होत नाहीत. पत्रा फिकट रंगाचा घ्यावा. गडद पत्रा मे महिन्याच्या दुपारी 70 अंशांपर्यंत तापू शकतो आणि वळवाची सर आली की काही मिनिटांत 25 अंशांवर येतो. तीन मीटर लांबीचे ॲल्युमिनियम तेवढ्यात सुमारे तीन मिलीमीटर आखडते. या हालचालीला जागा देणारी लांबट भोके चौकटीत नसतील तर पत्रा फुगतो आणि रात्री कडकड वाजतो. पश्चिमेच्या खोल्यांत झोपणाऱ्यांना ते ऐकू येते.

टेराकोटा पॅनेल हे आपल्या मंगलोरी कौलाच्याच कुळातले. रंग वरून दिलेला नसतो, मातीत भाजलेला असतो, त्यामुळे उडण्याचा प्रश्न येत नाही. ही पॅनेल आतून पोकळ असतात, वजन वरच्या ग्रॅनाइटच्या साधारण निम्मे भरते, आणि एखादे फुटले तर तेवढेच काढून दुसरे अडकवता येते. खर्च जास्त आहे, आणि बसवणारे कुशल हात रत्नागिरीत सहज मिळणार नाहीत. मुंबई-पुण्याहून माणसे आणावी लागतील. तरीही तीस-चाळीस वर्षांचा हिशेब मांडला आणि त्यात रंगाच्या आणि परांचीच्या न झालेल्या फेऱ्या धरल्या, तर मला हेच स्वस्त वाटते.

दोन्ही पर्यायांत पॅनेलमधले सांधे उघडे ठेवावेत, आठ-दहा मिलीमीटरचे, सिलिकॉन न भरता. हे ऐकून सभासद दचकतात. पण मागे निदान 25 ते 40 मिलीमीटरची पोकळी असेल तर सांध्यातून आत आलेले थोडे पाणी पॅनेलच्या पाठीवरून घरंगळून खाली निघून जाते, आणि खालून वर फिरणारा वारा भिंत सुकवतो. भरलेले सिलिकॉन कालांतराने कडेपासून सुटते, म्हणजे ते ठरावीक वर्षांनी खरवडून पुन्हा भरणे आले. शिवाय ज्या सांध्यात ते सुटले तिथून शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट राहत नाही. पोकळीच्या खालच्या आणि वरच्या तोंडाला स्टेनलेस जाळी हवी, नाहीतर पारवे आणि गांधीलमाशा आत घर करतील. प्रत्येक मजल्याला पोकळीत आग अडवणारी पट्टी हवी, कारण तशी पट्टी नसलेली सात मजल्यांची पोकळी धुराड्याचे काम करते.

वाऱ्याचा हिशेब आयएस 875 च्या तिसऱ्या भागाप्रमाणे संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे छपरांचे पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलेच आहे. भिंतीच्या कोपऱ्यांवर वारा पॅनेल आत ढकलत नाही, बाहेर ओढतो, आणि तिथली ओढ भिंतीच्या मधल्या भागापेक्षा जास्त असते. म्हणून कोपऱ्यातले अँकर जवळजवळ बसवावे लागतात. सगळीकडे सारखे अंतर दाखवणारा आराखडा आला तर हिशेब झालेला नाही असे ओळखावे.

देखभाल अजिबात लागणार नाही असे मी लिहून देणार नाही. पावसाळ्यानंतर एकदा आणि मार्चच्या सुमारास एकदा, साध्या पाण्याने, विशेषतः छज्ज्याखालच्या कोरड्या भागांवर फवारा मारावा. हे काम गच्चीवरून सोडलेल्या झुल्यावरून होते, परांची लागत नाही. त्यासाठी झुल्याचे हूक कठड्याच्या दुरुस्तीतच बसवून घ्यावेत. आणि सर्वसाधारण सभेत एक ठराव करून ठेवावा की एसीचा बाहेरचा भाग, डिशची छत्री किंवा कपड्यांची दांडी यांसाठी कोणीही पॅनेलला भोक पाडणार नाही. त्या वस्तूंच्या जागा आधीच ठरवून तिथे स्वतंत्र आधार ठेवावेत. माझ्या पाहण्यात आच्छादनाचे सर्वांत जास्त नुकसान समुद्राने केलेले नाही, केबलवाल्याच्या ड्रिलने केले आहे. दर्शनी भाग बदलतो आहे, तेव्हा नगरपरिषदेची परवानगी वास्तुविशारदामार्फत आधी घ्यावी, आणि एकूण पॅनेलच्या निदान तीन टक्के जादा पॅनेल त्याच खेपेत मागवून गच्चीखालच्या खोलीत ठेवावीत, कारण पाच वर्षांनी तीच छटा मिळत नाही.

आपल्याला घाई नसेल तर ठेकेदाराकडून पश्चिमेच्या भिंतीवर, तिसऱ्या मजल्याच्या पातळीला, तीन मीटर बाय तीन मीटरचा नमुना एप्रिलमध्ये बसवून घ्यावा, करारात लिहिलेल्याच चौकटीवर आणि स्क्रूंवर. पूर्ण पावसाळा तो तसाच राहू द्यावा. ऑक्टोबरमध्ये भिंत ठोकून पाहण्यासाठी परांची चढेलच, तेव्हा त्यातली दोन पॅनेल काढून मागची भिंत हाताने चाचपावी आणि चार स्क्रू काढून मळसूत्राचा रंग पाहावा. दरपत्रकावर सही त्यानंतर करावी.